शटॉक्वा : इतिहासातली व्यक्ती समोर येऊन बोलते तेव्हा (अनुभव सांगा, थोडी मदतही हवी आहे)

निळीशाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेच. विषय जरा वेगळा आहे, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही कोलोरॅडोत राहतो. इथे उन्हाळ्यात 'शटॉक्वा' नावाचा प्रकार असतो. मोठा तंबू, खुर्च्या, संध्याकाळची वेळ, आणि स्टेजवर एक माणूस इतिहासातली एखादी व्यक्ती होऊन येतो. तसं म्हटलं तर एकपात्रीच, पण एकपात्री जिथे संपतो तिथून हे खरं सुरू होतं. पहिला भाग साधारण अर्ध्यापाऊण तासाचा, ती व्यक्ती आपलं आयुष्य सांगते. मग दुसऱ्या भागात प्रेक्षक तिला प्रश्न विचारतात आणि ती त्या काळात राहूनच उत्तरं देते, म्हणजे १८६० सालच्या माणसाला १८६१ मध्ये काय होणार ते माहीत नसतं. तिसऱ्या भागात तो कलाकार टोपी काढतो, किंवा चष्मा, काहीतरी एक खूण, आणि म्हणतो की आता मी अभ्यासक म्हणून बोलतो, विचारा. या तिसऱ्या भागाबद्दलच मला खरं लिहायचंय.

मी पहिल्यांदा पाहिला तो फ्रेडरिक डग्लस. गुलामीतून १८३८ मध्ये पळालेला, पुढे अख्ख्या देशाला हलवून सोडणारा वक्ता. माझ्या पुढच्या रांगेत एक सात-आठ वर्षांचा मुलगा होता, त्याने विचारलं तुम्हाला वाचायला कोणी शिकवलं. त्या कलाकाराने उभ्या उभ्या उत्तर नाही दिलं, तो स्टेजच्या कडेला येऊन पाय खाली सोडून बसला, कोटाचं बटण काढलं आणि त्या मुलाकडे बघून सांगायला लागला की मालकिणीने अक्षरं शिकवायला घेतली होती, मालकाने ते थांबवलं, मग मी खिशात पाव ठेवायचो आणि रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून एकेक शब्द शिकायचो. हे सांगताना त्याचा हात खिशातच होता. सगळा तंबू चिडीचूप.

आणि मग तिसरा भाग. कोणीतरी वय विचारलं. तो म्हणाला, डग्लस म्हणून मी तुम्हाला सांगितलं असतं की मला माझी जन्मतारीख माहीत नाही, बहुधा १८१७ असावं, कारण गुलामांना वाढदिवस नसायचे. पण अभ्यासक म्हणून सांगतो, त्याच्या पहिल्या मालकाच्या वहीत फेब्रुवारी १८१८ अशी नोंद सापडलीये. ती नोंद डग्लसला आयुष्यभर कळली नाही. आपल्याला माहितीये, त्याला नव्हतं!! मला तिथे खरंच गलबलून आलं. पहिल्या दोन भागांत हे येऊच शकत नाही.

आता मदत कशात हवी ते. आमच्या गावच्या लायब्ररीत आम्ही काही जणींनी असाच छोटा उपक्रम सुरू केला. पहिल्या कार्यक्रमाला बाहेरून एक जेफरसन (अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष) करणारा बोलावला होता, माणूस उत्तम, भाषण उत्तम. प्रश्नोत्तरात अर्थातच सॅली हेमिंग्जचा प्रश्न आला (जेफरसनच्याच मालकीची गुलाम बाई, तिच्या मुलांचा बाप तोच असं बोललं जायचं). जेफरसन म्हणून त्याने बरोबर तेच केलं जे खऱ्या जेफरसनने केलं होतं. १८०२ मध्ये वर्तमानपत्रात हे छापून आलं तेव्हा जेफरसनने जाहीरपणे काहीच उत्तर दिलं नव्हतं, तसं यानेही मान ताठ करून असल्या मजकुराला मी उत्तर देत नसतो म्हणून विषय बदलला. पण प्रश्न लांबले, हॉल बंद करायची वेळ झाली आणि आम्ही तिसरा भाग उडवला. मीच उडवला, सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत एक गृहस्थ भेटले, म्हणाले छान झालं हो, त्यांनी स्वतःच सांगितलं ना की ती सगळी अफवा होती.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. १९९८ ची डीएनए चाचणी, त्यानंतर २००० मध्ये माँटिसेलो हे जेफरसनचं घर सांभाळणाऱ्या संस्थेनेच दिलेला निष्कर्ष, की हेमिंग्जच्या मुलांचा बाप बहुतेक करून जेफरसनच होता, हे सगळं सांगायला तो कलाकार तयार होता आणि मी त्याला वेळच दिला नाही. एक माणूस आमच्या कार्यक्रमातून उलटी माहिती घेऊन घरी गेला.

पुढचा कार्यक्रम दोन महिन्यांनी आहे आणि त्यात माझी लेकही आहे (सातवीत आहे, मुलांसाठी यंग शटॉक्वा म्हणून असतो त्यातून ती तयार झालीये). तर ज्यांनी असं काही पाहिलंय, केलंय, त्यांनी प्लीज लिहा. प्रश्नोत्तरं कशी सांभाळायची, वेळ कसा बांधायचा, आणि कोणी कोणाची भूमिका करावी याबद्दलही.

---

खडूफळा

किती छान लिहिलंयस गं. मी शाळेत शिकवते (मिडल स्कूल), आमच्याकडे दर वर्षी एक-दोन कलाकार येतात. माझा अनुभव असा की मुलांचे प्रश्न दोन प्रकारचे असतात. एक, तुमच्याकडे फोन होता का, टॉयलेट कुठे होतं. यात हसण्यासारखं काही नाही, मुलांना त्या माणसाच्या दिवसात शिरायचं असतं आणि त्यांना तोच दरवाजा सापडतो. चांगला कलाकार तिथूनच आत घेऊन जातो, फोन म्हणजे काय हे मला ठाऊक नाही पण माझं पत्र पोचायला इतके दिवस लागायचे, आणि तेवढ्या दिवसांत काय काय होऊन जायचं ते ऐक.

दुसरे प्रश्न म्हणजे सरळ काळजात घुसणारे. तुम्ही गुलाम का ठेवले. तुम्हाला लाज नाही वाटली का. यावर कलाकार गडबडला तर मुलांना लगेच कळतं.

वेळेचं सांगायचं तर आम्ही एक साधी गोष्ट करतो, घड्याळ घेऊन एक माणूस मागच्या भिंतीपाशी उभा. तिसऱ्या भागाची वेळ झाली की तो हात वर करतो, मग प्रश्न कितीही रंगात आलेले असोत, टोपी उतरलीच पाहिजे. कलाकाराला आधी सांगून ठेवायचं. आणि कापायचंच असेल तर भाषण कापायचं, शेवट नाही.

---

शंकेखोर

धागा आवडला पण मला एक मूलभूत शंका आहे आणि ती मनापासून विचारतोय. हा प्रकार मुळात योग्य आहे का? पुस्तकात तळटीप असते, कुठलं वाक्य कुठून आलं ते कळतं. इथे एक माणूस दाढी लावून येतो आणि पाऊण तास मी मी करून बोलतो. त्यातलं किती त्या व्यक्तीचं, किती याच्या मनाचं, हे समोर बसलेल्याला कसं कळणार? निळीशाई, तुम्ही जो किस्सा सांगितलात तो अपवाद नाही, हेच रोज होत असणार. लोकांना गोष्ट लक्षात राहते, खुलासा राहत नाही.

---

जुनीपानं

शंकेखोर, शंका अगदी रास्त आहे, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे सोजर्नर ट्रुथ, गुलामीतून सुटून भाषणं देत फिरणारी कृष्णवर्णीय बाई. जरा विस्ताराने लिहितो.

ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी १८५१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांच्या परिषदेत तिने भाषण केलं. आज ते सगळ्यांना माहीत आहे ते 'मी बाई नाही का?' या पालुपदामुळे. शाळेशाळेत मुली ते पाठ म्हणतात. पण हे पालुपद असलेला मजकूर छापला फ्रान्सिस गेज नावाच्या बाईने, १८६३ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. परिषदेनंतर महिन्याभरातच, १८५१ सालीच मेरियस रॉबिन्सनने एका गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्रात तिचं भाषण छापलं होतं, त्यात ते पालुपद नाहीच. शिवाय गेजने तिच्या तोंडी घातलीये ती दक्षिणेकडच्या गुलामांची बोली. ट्रुथ दक्षिणेत वाढलीच नव्हती! तिचं बालपण न्यूयॉर्क राज्यात, डच बोलणाऱ्या घरात, आणि नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत तिला डचच येत होतं, इंग्रजी ती नंतर शिकली.

आता विचार करा, सोजर्नर ट्रुथ सादर करणाऱ्या बाईने काय करायचं? प्रेक्षक ते पालुपद ऐकायला आलेत. ते नाही म्हटलं तर लोक म्हणणार हिला मुख्य भाषणच येत नाही. म्हटलं तर ती बारा वर्षांनी दुसऱ्याच बाईने लिहिलेले शब्द ट्रुथच्या नावावर खपवतेय. मी एका सादरीकरणात पाहिलं, त्या कलाकार बाईंनी पहिल्या भागात १८५१ चाच मजकूर घेतला, साध्या सरळ भाषेत. लोक थोडे चुळबुळले. मग तिसऱ्या भागात, डोक्याचा पांढरा रुमाल सोडून हातात घेतला आणि म्हणाल्या, तुम्ही ज्याची वाट बघत होतात ते मी म्हटलं नाही, का ते सांगते. आणि दोन्ही मजकुरांतल्या ओळी एकामागोमाग म्हणून दाखवल्या, पहिल्या वेळी तसंच, दुसऱ्या वेळी गेजच्या बोलीत. लोकांच्या कानांनी तो फरक ऐकला. शंकेखोर, ही तळटीपच होती की, फक्त मोठ्याने म्हटलेली. आणि छापलेली तळटीप किती जण वाचतात?

स्वतः गुलामीतून पळून मग इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनचंही तसंच. तीनशे माणसं सोडवली हा आकडा तिच्या एका जुन्या चरित्रातून आला आणि सगळीकडे पसरला. नंतरच्या संशोधनात आकडा येतो साधारण सत्तर माणसं, तेरा-एक फेऱ्यांत. सत्तर म्हणजे कमी आहे का? रात्रीच्या अंधारात, पकडून देणाऱ्याला बक्षीस असताना, परत परत त्याच भागात जायचं. उलट सत्तर म्हटलं की माणसं दिसायला लागतात, तिचे भाऊ, तिचे म्हातारे आईवडील. तीनशे हा नुसता आकडा राहतो.

---

शंकेखोर

जुनीपानं, रुमालाचा प्रसंग वाचून मत थोडं हललं हे कबूल करतो. पण मग तिसरा भाग हा पर्याय नसून अट आहे असं म्हणायला हवं. तो नसेल तर कार्यक्रमच करू नये.

---

जुनीपानं

अगदी. हेच म्हणतोय मी.

---

पडद्यामागे

मी नाटकवाला माणूस, पंधराएक वर्षं हौशी रंगभूमीवर मेकअप आणि प्रकाशयोजना केलीये, त्यामुळे माझा दृष्टिकोन थोडा वेगळा. नट आणि शटॉक्वाचा कलाकार यांच्यात मोठा फरक असा की नटाला संहिता असते. ह्या लोकांना बहुतेकदा दुसऱ्या कोणी लिहून दिलेली संहिता नसते, ते स्वतःच पत्रं, डायऱ्या, भाषणं वाचून आपलं उभं करतात आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं बोलतात. पाठांतर करणारा माणूस पहिल्या प्रश्नालाच उघडा पडतो, कारण प्रश्न पाठ करता येत नाही. ह्यांच्या डोक्यात त्या व्यक्तीची शंभर पत्रं बसलेली असतात म्हणून कुठूनही विचारलं तरी चालतं.

हॅल होलब्रुकची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत. त्याने मार्क ट्वेनचा एकपात्री १९५४ मध्ये सुरू केला तेव्हा तो विशीतला होता आणि सत्तर वर्षांचा ट्वेन करायचा. मेकअपला तासन् तास लागायचे. २०१७ मध्ये थांबला तेव्हा स्वतः ब्याण्णव वर्षांचा होता, म्हणजे ज्या वयाचं सोंग घ्यायचा त्याच्या कितीतरी पुढे गेलेला. एकाच माणसाबरोबर साठाहून जास्त वर्षं! तो नट होता, शटॉक्वावाला नव्हे, पण हाताशी भरपूर मजकूर ठेवून प्रयोगागणिक बदलत राहणं हे त्याचंही होतं.

निळीशाई, तुमच्या लेकीसाठी एकच सल्ला, मेकअपच्या फंदात पडू नका. मुलांना पांढरे केस आणि सुरकुत्या काढल्या की लोक चेहराच बघत बसतात. एक वस्तू हातात द्या, खरी, वजन असलेली. लेक कोणाची भूमिका करतेय?

---

निळीशाई

खडूफळा, घड्याळवाला माणूस ही आयडिया घेतली, आमच्या लायब्ररीयनना लगेच कळवली.

पडद्यामागे, ती मराया मिचेल करतेय (Maria लिहितात तशा स्पेलिंगचा पण उच्चार मराया). अमेरिकेतली पहिली नावाजलेली स्त्री खगोलशास्त्रज्ञ. १ ऑक्टोबर १८४७ ला रात्री घरी पाहुणे आलेले असताना ही गच्चीवर सटकली आणि दुर्बिणीतून तिला धूमकेतू दिसला. रोममधल्या एकाला तोच दोन दिवसांनी दिसला. डेन्मार्कच्या राजाचं सुवर्णपदक मिळालं तिला. पुढे व्हासार कॉलेजात प्रोफेसर झाली, आणि पुरुष प्रोफेसरांपेक्षा पगार कमी आहे कळल्यावर भांडून वाढवून घेतला.

तिने मिचेल का निवडली तेही सांगते. त्या डग्लसच्या कार्यक्रमाला ती माझ्याबरोबर होती. घरी येऊन वाचत बसली तर कळलं की डग्लसने १८४१ मध्ये गोऱ्या लोकांच्या मोठ्या सभेपुढे पहिल्यांदा भाषण केलं ते मॅसॅच्युसेट्सच्या नँटकेट बेटावर, अथेनियम नावाच्या वाचनालयाच्या सभागृहात. आणि त्या वाचनालयाची ग्रंथपाल कोण, तर मराया मिचेल, तेव्हा तेवीस वर्षांची. दोघांचा जन्म १८१८ चाच. लेक नाचतच आली माझ्याकडे, म्हणाली आई हे दोघं एकाच इमारतीत होते!

आता ड्रेसचं ऐका. मी तीन शनिवार-रविवार खपून तिला १८५० च्या फॅशनचा लांब, करड्या रंगाचा ड्रेस शिवला. छान जाड कॉटन घेतलं, पडतं चांगलं, धुता येतं. तालमीला दाखवला तर यंग शटॉक्वाच्या बाईंनी हाताने कापड चाचपलं आणि लेकीला विचारलं, मिचेलने हे घातलं असतं का गं? लेक दोन सेकंद थांबली आणि तिचा चेहराच पडला. कारण मिचेलने गुलामगिरीचा निषेध म्हणून सुती कपडे वापरणं सोडलं होतं, कापूस गुलामांनी वेचलेला म्हणून, ती रेशीम घालायची. हे लेकीने स्वतः वाचलं होतं, मला सांगितलंही होतं, आणि तरी आम्ही दोघींनी कॉटनचा ड्रेस शिवला.

मला फार लागलं ते. पण त्या बाई म्हणाल्या नवीन शिवू नका, हा पहिल्या दोन भागांसाठी वरून रेशमी शाल घेऊन झाकता येतो का बघा आणि तिसऱ्या भागात हीच गोष्ट सांग. बघू आता.

---

भटकभवानी

कापडाची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. असंच काहीतरी मी दोन ठिकाणी अनुभवलं म्हणून लिहिते. (शटॉक्वा नाही, पण जवळचंच, लिव्हिंग म्युझियम. जुनं गावच्या गाव उभं करून ठेवलेलं असतं. याची सुरुवात स्वीडनमध्ये झाली, स्टॉकहोमचं स्कानसेन, १८९१.)

पहिलं, मॅसॅच्युसेट्समधलं प्लिमथ पटक्सेट. इंग्रज वसाहतीच्या भागात सगळे लोक सतराव्या शतकातले होऊन बोलतात, तुम्ही कुठल्या जहाजातून आलात असं विचारतात. पण बाजूलाच वांपनोआग या तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे, तिथली माणसं जुना पेहराव करतात पण भूमिका करत नाहीत. ती आजची माणसं म्हणून बोलतात. मी एका बाईंना मूर्खासारखं काही विचारण्याआधी तिथली पाटी वाचली हे बरं झालं. नंतर विचार केला तर पटलं, ज्यांच्याबद्दल लोकांना वाटतं की ते फक्त इतिहासातच होते, त्यांनी इतिहासातलं पात्र होऊन उभं राहायचं कशाला? आम्ही अजून आहोत हे सांगणंच तिथे महत्त्वाचं.

दुसरं कलोनियल विल्यम्सबर्ग, व्हर्जिनिया. अठराव्या शतकात त्या गावची निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय होती, आणि तरी कितीतरी वर्षं तिथे पर्यटकांना दिसायचे ते फक्त गव्हर्नर आणि त्यांच्या बायका. कृष्णवर्णीय कलाकार तिथे आले १९७९ मध्ये. आणि १० ऑक्टोबर १९९४ ला त्यांनी गुलामांचा लिलाव करून दाखवला, रस्त्यात, लोकांसमोर. एनएएसीपीने (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना) आधी कडाडून विरोध केला होता, हे म्हणजे आमच्या दुःखाचा तमाशा आहे म्हणून. क्रिस्टी कोलमन तिथल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास दाखवणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि लिलावात विकली जाणारी एक बाई त्यांनी स्वतः केली. लिलाव झाल्यावर विरोध करणाऱ्यांपैकी एका पदाधिकाऱ्याने माझं मत बदललं असं जाहीर सांगितलं. सगळ्यांचं बदललं नाही, आणि मला दोन्ही बाजू कळतात. पण परत तोच मुद्दा येतो, ते करणारे कोण होते, आणि ते करायचं ठरवलं कोणी. वरून कोणी सांगितलं म्हणून नाही, त्या विभागाने स्वतः ठरवलं होतं.

---

खडूफळा

भटकभवानी +१. निळीशाईने विचारलं होतं ना कोणी कोणाची भूमिका करावी, त्याबद्दल मला वाटतं ते लिहिते. तुझी लेक, सावळी, भारतीय वंशाची मुलगी, एका गोऱ्या बाईची भूमिका करतेय. करू दे की. मिचेल म्हणजे कुतूहल, गणित, हट्ट. मुलांनी ज्यात स्वतःला बघितलं ते घ्यावं, केसांचा रंग बदलायची काही गरज नाही. पण उलट दिशेने चेहरा काळा करून कोणी डग्लस किंवा टबमन करणार असेल तर ते अजिबात चालणार नाही, मूल असलं तरी नाही आणि हेतू चांगला असला तरी नाही, या देशात त्या काळ्या रंगामागे, गोऱ्या नटांनी तोंडं काळी करून कृष्णवर्णीयांची केलेली शंभर वर्षांची टिंगल आहे. आमच्या वर्गातल्या एका गोऱ्या मुलाला डग्लस फार आवडायचा, त्याला आम्ही विल्यम लॉइड गॅरिसन दिला, गुलामगिरीविरुद्ध लढणारा गोरा संपादक. नँटकेटच्या त्याच सभेत डग्लसला ऐकून जो लगेच उठून बोलला, तो गॅरिसन. मुलाने डग्लसबद्दल सगळं सांगितलं, पण ऐकणाऱ्याच्या बाजूने.

---

शंकेखोर

ऐकणाऱ्याच्या बाजूने, हे फार आवडलं. निळीशाई, आणखी एक विचारतो, हा शटॉक्वा शब्द आला कुठून? आणि पैसे कुठून येतात याला?

---

जुनीपानं

नाव तळ्याचं. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला शटॉक्वा तळं आहे, तिथे १८७४ मध्ये लुईस मिलर नावाचा कारखानदार आणि जॉन व्हिन्सेंट हा मेथडिस्ट धर्मोपदेशक यांनी रविवारच्या शाळांच्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केलं. ते वाढत वाढत व्याख्यानं, संगीत, सगळंच झालं. पुढे १९०४ पासून तंबू घेऊन रेल्वेने गावोगाव फिरणारे शटॉक्वा निघाले, छोट्या छोट्या गावांत वर्षातून एकदा हा तंबू पडायचा. रेडिओ, सिनेमा, मोटारी आल्या, मग मंदी आली आणि ते मोडलं. आत्ताचं जे रूप निळीशाईने लिहिलंय, अभ्यासकाने ऐतिहासिक व्यक्ती व्हायचं, ते नंतरचं. १९७६ मध्ये नॉर्थ डकोटात एव्हरेट अल्बर्स यांनी तंबू परत उभा केला, त्यातून हे वाढलं. क्ले जेन्किन्सन यांचा जेफरसन याच परंपरेतला, १९९४ मध्ये त्यांनी तो व्हाइट हाउसमध्ये क्लिंटन यांच्यासमोर केला.

पैशाचं म्हणाल तर मोठा आधार राज्याराज्यांच्या ह्युमॅनिटीज कौन्सिलचा (इतिहास, साहित्य वगैरेंच्या उपक्रमांना मदत करणाऱ्या संस्था) आणि त्यांना केंद्र सरकारच्या नॅशनल एंडाउमेंटकडून अनुदान. एप्रिल २०२५ मध्ये ती अनुदानं एकदम रद्द केली. मेलन फाउंडेशन या खासगी संस्थेने दीड कोटी डॉलर्स तातडीने दिले पण ते छप्पन्न कौन्सिलांत वाटले तर काय होतं ते तुम्हीच बघा. म्हणून निळीशाईसारख्यांनी गावच्या लायब्ररीत स्वतःच्या बळावर सुरू करणं याला मी फार महत्त्व देतो.

---

पडद्यामागे

कार्यक्रम झाला का? वाट बघतोय.

---

निळीशाई

झाला!! परवा झाला. आज जरा उसंत मिळाली म्हणून सविस्तर लिहिते.

साठेक लोक होते. मागच्या भिंतीपाशी आमच्या लायब्ररीयन घड्याळ घेऊन. लेकीचं भाषण फक्त बारा मिनिटांचं, मुलांचं तेवढंच असतं. हातात वस्तू म्हणून तिने पितळेची जुनी दुर्बीण घेतली होती, कोणाकडून तरी मागून आणलेली, जड आहे चांगली. वरून रेशमी शाल. १८७८ च्या ग्रहणाचा भाग तिने फार छान केला. मिचेल जवळजवळ साठ वर्षांची असताना आपल्या जुन्या विद्यार्थिनींना घेऊन डेन्व्हरला खग्रास ग्रहण बघायला आली होती आणि दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणात त्यांचं सामान, दुर्बिणीची भिंगं, सगळं वाटेत अडकलं होतं. इथलेच लोक, डेन्व्हर म्हटल्यावर सगळे पुढे सरकून बसले.

मग प्रश्न. एका मुलीने विचारलं धूमकेतू दिसला तेव्हा तू ओरडलीस का. एकाने विचारलं तारे मोजून काय फायदा. ती मिचेल म्हणूनच बोलली, कुठे अडली तर दुर्बीण या हातातून त्या हातात घ्यायची.

मागून हात वर झाला. पंधरा मिनिटं तिसऱ्या भागासाठी राखून ठेवली होती, पूर्ण पंधरा. तिने दुर्बीण टेबलावर ठेवली, शाल काढून घडी करून खुर्चीवर ठेवली, आणि आतला ड्रेस दाखवून म्हणाली, हा कॉटनचा आहे, मिचेलने घातला नसता, आणि का ते सांगितलं. मी मागे उभी होते. एक आजी स्वतःच्या बाहीकडे बघत होत्या.

मग शेवटचा प्रश्न, जेफरसनच्या वेळी जे गृहस्थ भेटले होते ना, तेच आले होते. (त्यांना मी मधल्या काळात भेटून माझी चूक सांगितली होती, २००० चा निष्कर्षही सांगितला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.) त्यांनी लेकीला विचारलं की तू मगाशी म्हणालीस लग्न केलं नाही म्हणून, पण तिचं कोणावर प्रेम होतं का, ती एकटी होती का.

लेक म्हणाली, १८४६ मध्ये नँटकेटला मोठी आग लागली होती. त्या आगीत लोकांचे खासगी कागद वाऱ्यावर उडून रस्त्यात पडले आणि कोणीही ते वाचू शकत होतं. ते बघून मिचेलने तोपर्यंतची स्वतःची पत्रं आणि डायऱ्या जाळून टाकल्या. त्यामुळे तुम्ही विचारलंत ते तिने आपल्याला कळू द्यायचं नाही असं ठरवलेलं आहे.

ते म्हणाले, बरं. आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढचा कार्यक्रम वसंतात आहे. खडूफळा, तुमच्या त्या गॅरिसनवाल्या मुलाला विचाराल का, यायला जमेल का त्याला? म्हणजे नँटकेटची सभा दोन बाजूंनी करता येईल, ग्रंथपाल आणि गॅरिसन. त्याच्या आईबाबांशी मी बोलेन.